पोताच्या तेलाचा डाग

तुळजापुरात लॉज चालवायचा म्हणजे निम्मा जन्म डाग काढण्यात जातो. हे कुणी आधी सांगत नाही. माणसं देवीला येतात, हळदीकुंकवाच्या हातांनी भिंतीला टेकतात, पांढऱ्या चादरीवर परडी ठेवतात, आणि संध्याकाळी पोत नाचवून आली की तो खोलीच्या कोपऱ्यात उभा करून मोकळी होतात. पोत म्हणजे कापड पीळ देऊन वळलेली जाड मशाल. ती पोटभर तेल पिते आणि विझली की जिथे ठेवाल तिथे ते सोडत बसते. देवीचं काम, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी मनातल्या मनात बोलून घेतो.

माझ्या नऊ खोल्या आहेत आणि डागांच्या बाबतीत या गल्लीत माझा हात धरणारा कुणी नाही. शेजारचे लॉजवालेसुद्धा विचारायला येतात. "गौरीशंकर अण्णा, फरशीवरचं तेल निघंना झालंय." मग मी आधी जरा भाव खातो आणि मग सांगतो. माझा सगळा भरवसा टर्पेंटाइनवर. पेंटर लोक ब्रश धुवायला वापरतात तेच. चिंधीवर घ्यायचं, दोन हात मारायचे, तेल गेलं.

या बाटलीशी माझ्या बायकोचं, उमादेवीचं, उभं वैर होतं. त्या वासाने तिचं डोकं धरायचं. दोन वर्षांपूर्वी तिने स्पष्ट बजावलं होतं, "अवो, ती बाटली घरात नको म्हंजे नको. माझं डोकं उठतंय, आन् ती मांजर सगळीकडं तोंड घालती." मी "बरं" म्हणालो. फेकली असंही सांगितलं. आणि जिन्याखालच्या फडताळात जुन्या बादलीमागे ठेवून दिली. बायको मनाची मऊ आहे, पण रागावली की आठ-आठ दिवस घुम्यासारखी राहते. ते मला सोसत नाही. म्हणून मी असं गोडीगोडीत निभावून नेत आलो होतो.

मांजरीबद्दल सांगायला हवं. उमादेवी आळंदची, म्हणजे कर्नाटकातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. आता ती माझ्यापेक्षा जास्त बोलते, पण मनातलं बोलायचं असलं की कन्नडच. आमची मुलगी शिवप्रिया होती तोवर दोघींचं कन्नड चालायचं. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली आणि घरात तिची भाषा समजणारं कुणी उरलं नाही. माझं कन्नड खोली आहे, खोली नाही, एवढ्यावर अडलेलं. पुढच्याच वर्षी एक पांढरं पिल्लू जिन्यात येऊन बसलं. उमादेवीने त्याला बेक्कू म्हणायला सुरुवात केली. कन्नडमध्ये बेक्कू म्हणजे मांजर. मांजराचं नाव मांजर! मी पुष्कळ हसलो. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातून पुन्हा कन्नड ऐकू यायला लागलं. भाजी चिरता चिरता ती बेक्कूला सगळं सांगायची आणि ती पांढरी बया चूल सोडून तिच्या तोंडाकडे बघत बसायची. मला मांजरं आवडत नाहीत. पण ही गेली तर उमादेवीचं घरातलं बोलणंच जाईल, हे मला तेव्हाही कळत होतं.

भाद्रपदातला मंगळवार होता. उमादेवी भावाच्या घरभरणीला आळंदला गेली होती, बुधवारी सकाळी अकराच्या गाडीने येणार होती. मंगळवारी खोल्या भरलेल्या. चार नंबरमध्ये बार्शीकडची मंडळी होती. बुधवारी सकाळी ती लवकर गेली आणि पोताखाली ठेवलेली तेलाची परात तशीच सोडून गेली. शेजारी कुंकवाचा पुडा फुटलेला. नऊच्या सुमारास मी खोली बघायला गेलो तर बेक्कू खिडकीतून उडी टाकून नेमकी त्या परातीत उतरली होती. मला बघून दचकली, कुंकवात लोळली आणि माझ्या पायांमधून सुटली. अंगणात जाऊन गाठली तेव्हा तिची एक बाजू, पोट आणि शेपूट तेलाने चिकट आणि लालभडक झालं होतं.

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी काय दिसणार? मला मांजर दिसलंच नाही. मला पांढऱ्यावर तेलाचा डाग दिसला. वर घड्याळात सव्वानऊ. अकराला उमादेवी येणार, तिच्या लाडकीला असं बघणार आणि दोन दिवस एक मांजर सांभाळता आली नाही म्हणून ऐकवणार. मी सरळ जिन्याखाली गेलो आणि बादलीमागची बाटली काढली.

काम मी मन लावून केलं, हे कबूल करतो. मानगूट धरून, चिंधी तीन वेळा भिजवून, पोटापासून शेपटीच्या टोकापर्यंत पुसलं. ती ओरडली, तिने ओरबाडलं, माझ्या मनगटावरून रक्त काढलं. मी म्हटलं, "गप ए, तुझ्याच भल्यासाठी चाललंय." लाल रंग गेला, तेल गेलं, केस मोकळे झाले. मी स्वतःवर खूश झालो. चिंधी कचऱ्यात खाली दाबली, बाटली जागेवर ठेवली आणि हात धुतले.

बेक्कू पायरीवर जाऊन बसली आणि अंग चाटायला लागली. मांजरं चाटतातच. मी चहा घेतला.

अर्ध्या तासाने कोंडाबाई गच्चीवरून चादरी वाळत घालून खाली आली. ही आमच्याकडे बारा वर्षं काम करते, अणदूरची आहे. खाली उतरली आणि तिथूनच ओरडली, "मालक, मांजरीच्या तोंडातून फेस येतोय बघा!"

बेक्कू पायरीच्या कडेला आखडून बसली होती. हनुवटीवरून लाळ गळत होती, मान सारखी झटकत होती. श्वास भराभर. पोटावरची पांढरी कातडी लाल झालेली दिसत होती. मी हाक मारली तर डोळेसुद्धा उचलले नाहीत.

"काय खाल्लं हिनं?" कोंडाबाईने विचारलं.

"काय की. तेलात पडली होती."

"तेलानं असं व्हतंय व्हय?" ती म्हणाली. "थांबा, मिठाचं पाणी आणते. आमच्याकडं फवारणीचं औषध पोटात गेलं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढत्यात. भडाभडा ओकली की सुटली."

मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण ते केलं की काही सांगावं लागत नव्हतं. कोंडाबाईने मांडीवर धरली, मी चमच्याने पाणी घातलं. एक चमचा आत गेला, दुसरा सगळा बाहेर आला आणि तिला असा ठसका लागला की आता जीव जातो की काय असं वाटलं. दूध पुढे ठेवलं. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

"आक्काच्या त्या डॉक्टरीणबाईला फोन लावा की," कोंडाबाई म्हणाली. "नंबर भिंतीवर लिवलाय."

डॉक्टर करिश्मा जनावरांच्या दवाखान्यात असतात. बेक्कूला टोचून आणायला उमादेवी त्यांच्याकडे जायची आणि दोघींच्या तासभर गप्पा व्हायच्या. फोन लावला तेव्हा त्या जळकोटला एका अडलेल्या म्हशीजवळ होत्या. मागे चार माणसं आरडाओरडा करत होती.

"काका, पटकन सांगा. अंगाला काय लागलंय?"

"तेल. पोताचं तेल. थोडं कुंकू."

"खायचंच तेल ना? मग घाबरू नका, फार तर पोट बिघडेल. दुसरं काही लागलंय का? फिनेल, ॲसिड, रॉकेल, काही?"

कोंडाबाई माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांपूर्वी फेकलेली बाटली. डॉक्टर आणि उमादेवीच्या गप्पा. हे सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात फिरलं, आणि मी म्हणालो, "न्हाय. दुसरं कायच न्हाय."

"मग सुक्या कपड्यानं पुसून ठेवा. मला इथं तासभर लागेल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या पुढचा तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. फोन हातात होता, नंबर समोर भिंतीवर होता. नुसतं एक बटण दाबून एक शब्द सांगायचा होता. मी दोनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. मी स्वतःला सांगत होतो की होईल बरी, वास उडून जाईल, मांजराची जात चिवट असते. आणि समोर ती थांबत थांबत, दमत दमत, पुन्हा पुन्हा आपलं अंग चाटत होती. जे मी लावलं होतं ते ती जिभेने काढत होती. हे मला दिसत होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो. त्या तासाची लाज मला आजही वाटते.

सव्वाअकराला उमादेवी आली. हातात पिशव्या, चेहरा खुललेला. "बेक्कू, बा इल्ली," म्हणजे इकडे ये, अशी दारातूनच तिची हाक आली. रोज ही हाक आली की मांजर धावत जायचं. आज बेक्कू नुसती मान उचलून थरथरली. उमादेवीने पिशव्या तिथेच टाकल्या.

तिने मांजर उचलून पदरात घेतलं, छातीशी धरलं, आणि मग तिचा चेहरा बदलला. तिने नाक बेक्कूच्या पाठीजवळ नेलं. माझ्याकडे बघितलं. कोंडाबाईला म्हणाली, "डॉक्टरीणबाईला लाव." फोन स्पीकरवर ठेवला.

"डॉक्टर, बेक्कू थरथरतीय. लाळ गळतीय. तोंड आतून लाल झालंय."

"अहो, पण काका तर तेल म्हणाले. तेलानं असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "उमाकाकू, तेल कशानं पुसलं, ते विचारा आधी."

उमादेवीने मला विचारलंही नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिच्या हातातल्या मांजराचं अंग लटलट हलत होतं.

"टर्पेंटाइननं," मी म्हणालो. "मीच पुसलं. सव्वानऊला. आणि मिठाचं पाणी पाजलं एक चमचा."

"सव्वानऊ! आता साडेअकरा होत आले," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही, फक्त बोलण्याचा वेग वाढला. "ऐका. आता पाणी, दूध, तेल, मीठ, काही तोंडात घालायचं नाही. उलटी काढायची नाही. उलटीबरोबर ते टर्पेंटाइन फुप्फुसात गेलं तर माझ्याही हातात काही राहणार नाही. आधी तिचं चाटणं थांबवा. टॉवेलमध्ये गुंडाळा, तोंड मोकळं ठेवा. भांडी घासायचं लिक्विड आहे का?"

"हाय."

"कोमट पाण्यात थोडं घालून धुवा. गरम नको, कोमटच. हातात मोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी घाला, तुमच्याही अंगाला लागायला नको. डोळ्यांत, तोंडात जाऊ देऊ नका. दोनदा, तीनदा, वास जाईपर्यंत. मग साध्या कोमट पाण्यानं साबण पुरता काढा, नाहीतर ती तोही चाटेल. कोरडी करा, उबेत गुंडाळा आणि दवाखान्यात आणा. मी निघाले. आणि काका, ती बाटली बरोबर आणा. आतमध्ये नक्की काय आहे ते मला वाचायचंय."

"वेदना होत असतील तिला. तापाची गोळी पाव देऊ का?" मी विचारलं.

"अजिबात नाही! माणसाची गोळी मांजराचा जीव घेते. तुम्ही काही देऊ नका, काका. फक्त धुवा."

धुण्याचं काम माझ्याकडे आलं. उमादेवीने तसं सांगितलं नाही, पण लिक्विडची बाटली माझ्या पुढ्यात ठेवली. ती मांजर धरून बसली आणि मी हातांत पिशव्या चढवून धूत राहिलो. पहिल्या पाण्याला वास तसाच. दुसऱ्याला थोडा कमी. बेक्कूला आता ओरबाडायचीही ताकद नव्हती, आणि मला तिने सकाळसारखं पुन्हा ओरबाडावं असं फार वाटत होतं. उमादेवी तिच्या कानाशी एकच बोलत होती, "एनू आगल्ला, एनू आगल्ला." काही होणार नाही, काही होणार नाही. एवढं कन्नड मला कळलं. तिसऱ्या पाण्याला कोंडाबाईने वास घेऊन मान हलवली, तेव्हा मी तांब्यातलं साधं पाणी घातलं.

रिक्षात उमादेवी पुढे बघत बसली होती. मी बाटली मांडीवर घेऊन. दवाखान्यात डॉक्टर करिश्मा आमच्या आधी पोहोचल्या होत्या, अंगावर म्हशीच्या कामाचे डाग तसेच होते. त्यांनी बाटली वाचली, बेक्कूच्या छातीला नळी लावली, पापण्या उलटून बघितल्या, जीभ बघितली. जिभेवर फोड आले होते.

"फुप्फुसं आत्ता तरी मोकळी वाटतात. मिठाचं पाणी एकच चमचा गेलं ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "सलाइन लावते. दोन दिवस काही सांगता येणार नाही. लिव्हर, किडनी कसं धरतात ते बघायचं." मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "काका, मांजराचं लिव्हर आपल्यासारखं नसतं, असली विषं त्याला पचवता येत नाहीत. तेल तसंच राहिलं असतं तर ती दोन वेळा जुलाबाला गेली असती, बस्स. पण तुम्ही मला पहिल्या फोनला सांगितलं असतं तर ती एवढा वेळ चाटत बसली नसती."

मी म्हणालो, "माझं चुकलं." आणखी काय म्हणणार?

दोन दिवस उमादेवी दवाखान्यातच बसून होती. मी सकाळ-संध्याकाळ डबा नेऊन द्यायचो, ती घ्यायची, रिकामा डबा परत द्यायची. बोलत नव्हती. मी राग ओळखतो, तीस वर्षांचा सराव आहे. हा राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. घरी आलो की स्वयंपाकघर इतकं शांत असायचं की मी तिथे पाणी प्यायलाही जात नव्हतो.

शुक्रवारी दुपारी मी डबा घेऊन गेलो तर बेक्कू खोक्यात उठून बसली होती. गळ्यात डॉक्टरांनी पुठ्ठ्याची गोल पट्टी बांधलेली, त्यातून तिचा चेहरा एवढासा दिसत होता. उमादेवी बोटावर पातळ पेज घेऊन पुढे धरत होती आणि ती चाटत होती. दुखत होतं, मधेच थांबत होती, पण चाटत होती. डॉक्टर म्हणाल्या, "वाचली. उद्या घरी न्या." मला रडू आलं. एका मांजरासाठी मी दवाखान्याच्या ओट्यावर बसून, चार गुराख्यांसमोर, उपरण्याने डोळे पुसले.

उमादेवी बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "टर्पेंटाइनचं मला काय न्हाय. तुमाला ठाव नव्हतं. चुकी व्हती माणसाची."

मी मान हलवली.

"पण ठाव झाल्यावर तुमी गप बसलात. ती डोळ्यांदेखत चाटत व्हती, आन् तुमी माझ्या भ्यानं गप बसलात." ती माझ्याकडे वळली. "मी एवढी वाईट हाय का?"

"तू वाईट न्हायस," मी म्हणालो. "माझ्यातच दम न्हाय."

"मग मला एक सांगा. उद्या मला काय झालं, आन् डॉक्टरनं तुमालाच विचारलं, तर खरं सांगाल का तुमी?"

मी तोंड उघडलं, "सांगेन" म्हणायला. शब्द जिभेवर तयार होता. आणि तो बाहेर आलाच नाही, कारण तिने जे उद्याचं म्हणून विचारलं होतं ते आधीच होऊन गेलं होतं.

"गेल्या नवरात्रात," मी म्हणालो, "गर्दीत तुझ्या बीपीच्या गोळ्या आणायच्या राहून गेल्या. दहा दिवस. तू विचारशील म्हणून डबीत कॅल्शियमच्या गोळ्या भरून ठेवल्या. दिसायला तशाच होत्या. मग तुला चक्कर आली. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेतात ना? मी म्हणालो, व्हय, मी सोता माझ्या हातानं देतो. म्हणून त्यांनी गोळी दुप्पट केली, ती आजपर्यंत तशीच चालू हाय."

उमादेवीने हळूच खाली बघितलं, स्वतःच्या पायांकडे. गोळी दुप्पट झाल्यापासून, वर्षभर ती म्हणत होती की पाय सुजतात, चपला होत नाहीत, काय झालंय कळत नाही. मी रोज रात्री त्या पायांना तेल चोळून देत होतो.

ती ओरडेल असं मला वाटलं. उठून आत जाईल असंही वाटलं. तिने पदराने तोंड पुसलं, ओट्याला हात टेकून उभी राहिली आणि आत डोकावून डॉक्टर करिश्मांना म्हणाली, "बाई, बेक्कूकडं तासभर बघा. आमी माणसाच्या दवाखान्यात जाऊन येतो."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उठा. आन् तिथं मी एक शब्द बोलणार न्हाय. तुमी बोलायचं."

मी उठलो. रस्त्यावर रिक्षा थांबवली, तिला आधी बसवलं. दवाखाना दहा मिनिटांवर होता. तेवढ्या वाटेत मी तारखा जुळवत होतो, म्हणजे सांगताना एकही चुकायला नको.